रविवारची बोट

हाकाबोस्ट, लुईस बेट
मंगळवार, ९ जानेवारी

टॉर्किल,

इतके दिवस पत्र लिहिलं नाही, माफ कर. 'इतके दिवस' म्हणणंही बरोबर नाही. मी मनाशी नेहमी अकरा वर्षं म्हणते, पण आज बसून मोजलं. आई गेली त्याला दहा वर्षं आणि नऊ महिने झाले. मधे चार वेळा नव्या वर्षाचं कार्ड पाठवलं, पण त्यात नावाखेरीज काही लिहिलं नव्हतं, म्हणून ती मी धरत नाही.

कामाचं आधी लिहिते. बाबांचं हृदय थकलं आहे. गुरुवारी डॉक्टरांनी मला त्यांच्या गाडीपाशी नेऊन सांगितलं, "या वर्षी पीट कापायला ते असतील असं धरून चालू नका." म्हणजे मे, जळणासाठी दलदलीतली माती कापायचा महिना. डॉक्टर ग्लासगोचे आहेत, पण इथं राहून त्यांनाही आपल्यासारखी महिने मोजायची सवय लागली.

दुसरं. ऑक्टोबरपासून बाबा चर्चमध्ये ओळ देत नाहीत. एकेचाळीस वर्षं त्यांनी त्या लाकडी कठड्यात उभं राहून स्तोत्राची एकेक ओळ दिली. ओळ द्यायची, थांबायचं, आणि मग सगळ्यांनी ती आपापल्या वळणाने, आपापल्या वेळाने लांबवत परत करायची. तू सहा वर्षांचा असताना म्हणाला होतास की हा आवाज मेंढ्या डोंगरावरून उतरताना येतो तसा आहे, आणि आईने तुला कोपराने ढोसलं होतं. आता बाबा मागच्या बाकावर बसतात आणि तोंड उघडत नाहीत. घसा बसला आहे.

ओळ द्यायला दुसरं कोणी नाही. वडीलधाऱ्या मंडळींची बैठक झाली, त्यात ठरलं की गेलिकमधली प्रार्थना बंद करायची. २५ फेब्रुवारीची शेवटची. त्यानंतर सगळं इंग्रजीत. शेजारच्या डोलीनाकाकू परवा अंडी घेऊन आल्या आणि दारातच सुरू झाल्या, "तुझा बाप गप्प बसला म्हणून आम्ही आता इंग्रजीतून स्वर्गात जायचं का गं? तिथं मला ओळखणार कोण? आमचा नवरा तर मुळीच नाही ओळखणार, त्याला इंग्रजीत नुसतं 'येस' यायचं!" बाबा आत ऐकत होते. हसले नाहीत.

तू सोळाव्या वर्षी एकदा त्यांच्या जागी उभा राहिला होतास. त्या दिवशी जेवताना बटाट्यांतला सगळ्यात मोठा बटाटा बाबांनी तुझ्या ताटात घातला होता. मला आठवतं, कारण एरवी तो मला मिळायचा.

मी तुला ओळ द्यायला बोलावत नाही. बाबांना भेटायला ये, एवढंच म्हणते. ते जाण्याआधी.

तुला सगळं माहीत आहे असं धरून मी लिहिते आहे, आणि ते खरं नाही. पण आज एवढंच जमेल.

मर्डीना

हाकाबोस्ट
शनिवार, २७ जानेवारी

टॉर्किल,

तुझं कार्ड मिळालं. दोनच वाक्यं आहेत, पण अक्षर बदललेलं नाही. "त्यांनी बोलावलंय का? त्यांच्या तोंडचे शब्द लिही, तुझे नकोत."

नाही. त्यांनी बोलावलेलं नाही. तू असं विचारशील हे मला ठाऊक होतं, तरी पहिल्या पत्रात मी ते येऊ दिलं नाही. वर्गात मुलांना मी पहिल्याच तासाला शिकवते की कुठलाही कागद हातात आला की विचारा, हा कोणी लिहिला, आणि त्याने काय लिहायचं टाळलं. माझ्या पत्राला तू तेच विचारलंस. चांगला विद्यार्थी झाला असतास.

मग टाळलेलं लिहिते. बाबांचा घसा बसलेला नाही. ते माझ्यामुळे गप्प झाले.

गेल्या वर्षी शाळेने मुलांना गावाच्या वारशावर प्रकल्प दिला. मुलांनी म्हाताऱ्यांकडून जुन्या वस्तू आणायच्या, आठवणी लिहून घ्यायच्या आणि सभागृहात प्रदर्शन मांडायचं. इतिहासाची शिक्षक म्हणून ते माझ्याकडे आलं. मी बाबांना विचारलं की तुमची स्तोत्रं ध्वनिमुद्रित करू का. ते म्हणाले, "ते देवासाठी आहे, पोरी. प्रदर्शनात मेंढ्यांची कातर ठेव, माग ठेव, हवं तर मलाही खुर्चीत बसवून ठेव. ते नको."

इथे थांबायला हवं होतं. पण मी स्वतःला सांगितलं की हे माझ्यासाठी नाही, मुलांसाठी आहे. त्यांतल्या बऱ्याच जणांनी गेलिक स्तोत्र कधी ऐकलेलंच नाही, आणि बाबा गेले की संपलं. या सगळ्या गोष्टी खऱ्या आहेत. म्हणूनच त्या इतक्या सोयीच्या होत्या.

बाबा आता विणत नाहीत, पण दुपारी मागाच्या शेडमध्ये जाऊन बसतात. तिथे एकटेच ओळी म्हणतात. एके दिवशी मी बाहेर पत्र्याला पाठ लावून उभी राहिले आणि फोन चालू केला. ते ओळ द्यायचे आणि थांबायचे. उत्तराला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ, अगदी पुरा. मग पुढची ओळ. लहानपणी तू शेडबाहेर बादलीवर बसून उत्तर द्यायचास, त्या जागा ते अजून मोकळ्या सोडतात.

प्रदर्शनाला बाबा डोलीनाकाकूंबरोबर आले. त्यांना तिथे ठेवलेला आपला जुना माग बघायचा होता. तो बघत असतानाच कोपऱ्यातून त्यांचा आवाज आला. मी त्यांचा चेहरा बघितला आणि मला वाटलं आता ते माझ्याकडे वळतील. पण ते त्या टेबलाकडे गेले. तिथे माझ्या वर्गातली मार्सेली बसली होती, तेरा वर्षांची. सगळं जोडण्याचं काम तिने केलं होतं.

"मधल्या जागा कुठे गेल्या?" बाबांनी तिला विचारलं.

"त्या रिकाम्या होत्या, आजोबा. काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणून मी काढून टाकल्या. आता सलग लागतं."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बरोबर केलंस, बाळ. रिकाम्याच होत्या."

घरी आल्यावर कोट खुंटीला लावला आणि माझ्याकडे पाठ असतानाच म्हणाले, "कोणाला विचारलंस?"

"कोणालाच नाही."

"हं."

पुढच्या रविवारी पाद्र्यांनी स्तोत्राचा क्रमांक सांगितला आणि सगळे वाट बघत राहिले. बाबा उठले नाहीत. त्या दिवसापासून नाहीत.

आता तुला कळलं असेल की बाबांच्या तोंडचे शब्द मी का लिहू शकत नाही. ते माझ्याशी चहा, गोळ्या आणि हवामान यांपलीकडे बोलत नाहीत. मी प्रयत्न करते आहे.

मर्डीना

हाकाबोस्ट
गुरुवार, १५ फेब्रुवारी

टॉर्किल,

दुसरं कार्ड मिळालं. "तुझ्या जागी मी असतो तर मीही तो फोन चालू केला असता. पण माझा प्रश्न तोच आहे." पहिलं वाक्य मी बऱ्याच वेळा वाचलं. तू इतकं सहज सोडून देशील असं वाटलं नव्हतं, आणि त्यामुळे मला बरं वाटण्याऐवजी आणखी वाईट वाटलं. त्याचं कारण या पत्रात लिहीन असं ठरवून बसले आहे. बघू.

बाबांची खाट समोरच्या खोलीत आणली. जिना चढवत नाही. पाय सुजतात. जवाचं सूप दोन चमचे घेतात आणि "पुरे, गाईला घाल" म्हणतात. गाय विकून वीस वर्षं झाली.

मंगळवारी ते जरा ताजे होते. मी दाढी करून देत होते, म्हणजे त्यांना मान वळवता येणार नव्हती. मी विचारलं, "बाबा, टॉर्किलला बोलवू का?"

मी गालावरून वस्तरा फिरवला. मग म्हणाले, "त्याला आत यायचं असतं तर तो आला असता. दारापर्यंत आला होता की."

त्यानंतर आणखी एक वाक्य म्हणाले. ते मी इथे लिहिलं होतं आणि खोडलं. खोडलेलं तुला दिसू नये म्हणून पान बदललं. हे तिसरं पान आहे.

मी तोंड पुसून दिल्यावर त्यांनी डोळे मिटले. झोपले असं समजून मी भांडं उचललं, तेव्हा म्हणाले, "त्याला कळव, शेडचं छप्पर गळतंय. दक्षिणेकडचा पत्रा. तो त्यानेच बसवला होता."

तुला त्यांच्या तोंडचे शब्द हवे होते. हे आहेत, एकही माझा नाही. हे बोलावणं आहे की नाही ते तू ठरव. मी शेडमध्ये जाऊन बघितलं. दक्षिणेकडचा पत्रा कोरडा ठणठणीत आहे.

मर्डीना

हाकाबोस्ट
मंगळवार, २७ फेब्रुवारी

टॉर्किल,

तू बुधवारी तुझ्या कामावरच्या जहाजावरून उतरून निघतो आहेस हे फोनवर ऐकलं आणि मी बाबांना जाऊन सांगितलं, "तो पत्रा बघायला येतोय." ते म्हणाले, "खिळे आहेत का बघ." मग मला खरोखर खिळे शोधायला लावले. हे पत्र तू निघण्याआधी तुला मिळणार नाही. तरी लिहिते, कारण रविवारचं तुला कोणीतरी सांगायला हवं आणि समोर बसून मला ते सांगता येणार नाही.

बाबा हट्टाने आले. डोलीनाकाकूंच्या जावयाने आणि मी खुर्चीसकट उचलून आत नेलं. एकूण चौदा माणसं. कठड्यातली जागा रिकामी होती, पण कोणीतरी तिथली पितळी दांडी घासून ठेवली होती. पाद्री तरुण आहेत, गेलिक शिकून बोलतात, सावकाश, जणू ओल्या दगडांवरून चालताहेत. त्यांनी स्तोत्राचा क्रमांक सांगितला आणि बाबांकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं. बाबांचे ओठ हलत होते. मी अगदी शेजारी होते म्हणून सांगते, आवाज नव्हता. त्यांना ओळ द्यायची नव्हती की देता येत नव्हती, हे मला कळलं नाही. कदाचित आता हे कधीच कळणार नाही.

पाद्र्यांनी पुन्हा क्रमांक सांगितला. तिसऱ्यांदा सांगितला नाही. पुस्तक मिटलं, प्रार्थना केली आणि आम्ही उठलो. या चर्चमधली गेलिकमधली शेवटची प्रार्थना गाण्याशिवाय झाली. बाहेर डोलीनाकाकू वाऱ्यात डोक्यावरचा रुमाल धरून उभ्या होत्या. मी वाट बघत होते की त्या काही टोमणा मारतील. त्यांनी माझ्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं आणि घरी गेल्या. टोमणा बरा होता.

वाऱ्याचा जोर वाढतो आहे. बोटींचं काय होतं बघ.

मर्डीना

हाकाबोस्ट
रविवार, ३ मार्च

टॉर्किल,

मी रविवारी पत्र लिहिते आहे. या घरात रविवार देवाचा, काम नाही, प्रवास नाही, आणि या टेबलावर त्या दिवशी कोणी पेन उचललेलं नाही. बटाटेसुद्धा शनिवारी सोलून पाण्यात ठेवलेले असायचे. बाबा शेजारच्या खोलीत आहेत. डोलीनाकाकूंनी त्यांचे डोळे मिटले, घड्याळ थांबवलं आणि मला म्हणाल्या, "तू बस, मी चहा करते." घड्याळात सात वीस आहेत.

फोन मी तुला आठ वाजता केला. तू फक्त विचारलंस, "किती वाजता?" मी सांगितलं. "आई पण सातच्याच सुमाराला गेली," तू म्हणालास. आणि मग म्हणालास, "निदान या वेळी त्यांचा रविवार मी मोडला नाही." मी काही बोलले नाही. त्याआधी जशी बोलले नव्हते तशीच.

आता सगळं लिहिते, क्रमाने. पान बदलणार नाही.

आई गेली त्या रविवारी तू दुपारच्या बोटीने आलास. रविवारची बोट सुरू होऊन तेव्हा चार वर्षं होत आली होती. तिच्याविरुद्धच्या अर्जावर बाबांची सही होती आणि त्याच्या खाली माझी. सहाच्या आधी तुझी गाडी फाटकाशी थांबली. बाबा आईच्या उशाशी होते. गाडीचा आवाज ऐकून म्हणाले, "तो का? आजच्या बोटीने?" मी हो म्हटलं. त्यांनी मान खाली घातली. एवढंच. ते काहीही बोलले नाहीत.

मी फाटकाशी आले आणि तुला सांगितलं, "बाबा म्हणतात, आज नको. दिवस संपल्यावर ये."

ते वाक्य माझं होतं.

का, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारते आहे आणि दर वेळी निराळं उत्तर येतं, म्हणून एकावरही माझा विश्वास नाही. मला वाटलं मान खाली घालणं म्हणजे नकार. मला वाटलं मी बाबांना लाजेपासून वाचवते आहे. चौदा महिने आईला उठवणं, बसवणं, धुणं मी करत होते आणि ती नाव तुझं घेत होती. हे तिन्ही खरं आहे. तिसरं सगळ्यात जास्त खरं असावं, कारण ते लिहिताना हात थांबला.

तू फाटकाबाहेर गाडीत बसून राहिलास. तू विनवणी करणाऱ्यांतला नाहीस, हेही मला माहीत होतं. आईने विचारलं, "गाडी कोणाची गं?" मी म्हटलं, "डोलीनाकाकूंकडे कोणीतरी आलंय." सातला ती गेली.

मातीच्या दिवशी मी तुला शवपेटी खाली सोडताना धरायच्या दोरीची चिठ्ठी दिली, पायाकडच्या दोरीची. ती तू दुमडून माझ्या हातात परत दिलीस आणि बंदरावर निघून गेलास. ती चिठ्ठी माझ्या रोजनिशीत आहे. त्या रविवारची नोंदही आहे. माझं अक्षर, निळी शाई: 'टॉ. आला. आत आला नाही.' मुलांना मी शिकवते, कागद कोणी लिहिला ते बघा. मी स्वतःच्या वहीतही खोटं लिहिलं, कोणी बघणार नव्हतं तरी. त्या पानाखाली, आईने लावलेल्या सवयीप्रमाणे, दुसऱ्या दिवशीचं एकच काम लिहिलं आहे: 'उद्या: चादरी धुणे.'

आता त्या फेब्रुवारीतल्या मंगळवारची दाढी. मी जे वाक्य खोडलं ते हे. बाबा म्हणाले, "मी आत वाट बघत बसलो. दाराला कडीसुद्धा नव्हती. मला उठून जायचं धैर्य झालं नाही, आणि त्याला यायची इच्छा झाली नाही."

टॉर्किल, तू समजत होतास त्यांनी दार लावलं. ते समजत होते तू यायला नकार दिलास. मधे मी उभी होते, आणि वस्तरा माझ्या हातात होता, आणि मी म्हटलं, "मान जरा वर करा, बाबा."

काल संध्याकाळी तुझा पलीकडच्या बंदरावरून, उलापूलहून फोन आला. तीन दिवस वाऱ्यामुळे बोटी बंद होत्या. तू म्हणालास, "उद्याची सुटणार म्हणतात. रविवारची. त्यांना विचार, मर्डी. या वेळी नीट विचार."

मी त्यांना विचारलं. या वेळी खरोखर विचारलं. "टॉर्किल उलापूलला आहे. उद्या बोट आहे."

"मग?"

"उद्या रविवार आहे, बाबा."

वर्गातल्या मठ्ठ मुलाकडे मी बघते तसे ते माझ्याकडे बघत राहिले. "मरायला टेकलेल्याकडे येणं हे दयेचं काम आहे. दयेच्या कामाला रविवार आड येत नाही. धर्माची प्रश्नोत्तरं पाठ केली होतीस ना? पाद्री वर्गात विचारायचे तेव्हा तुझं एकही चुकायचं नाही." मग धाप लागली. ती शमल्यावर म्हणाले, "तेव्हाही दयेचंच होतं. आईकडे येणं."

मला ते उत्तर आठव्या वर्षापासून पाठ होतं. रविवारी चालतात ती दोनच: गरजेची कामं आणि दयेची कामं. या गावातल्या कोणीही, सगळ्यात कडव्या म्हाताऱ्यानेही, त्या दिवशी तुला आत घेतलं असतं. मीच फक्त बाबांपेक्षा जास्त धर्म पाळायला निघाले.

मी तुला परत फोन केला. "ये म्हणाले," मी सांगितलं.

तू हसलास. "तू कधीपासून खोटं बोलायला लागलीस?"

"खरंच म्हणाले."

"आईसाठी उघडलं नाही त्यांनी, आणि आता उघडतील? तुझं मन चांगलं आहे, मर्डी, पण मी त्या माणसाला ओळखतो. माझ्याकडून त्यांना काहीच मिळालं नाही. एवढा एक दिवस तरी मिळू दे. सोमवारच्या पहिल्या बोटीने येतो. तग धरतील ना?"

एक वाक्य बोलायचं होतं. त्या दिवशी नको मी म्हटलं, बाबांनी नाही. सात शब्द. ते बोलले असते तर तू विश्वास ठेवला असतास, आणि आजच्या बोटीवर असतास. माझ्या तोंडात ते होते. मी म्हटलं, "धरतील. जपून ये."

आजची बोट पाचला लागली. मी खिडकीतून बघत नव्हते, रेडिओवर ऐकलं. बंदरापासून इथवर पाऊण तास आणि थोडं फाटकाशी धरलं तरी तू सहाला आत असतास. तुला एक तास वीस मिनिटं मिळाली असती. मी हे पुन्हा पुन्हा मोजते आहे.

सहाच्या सुमारास त्यांनी विचारलं, "आला का?" मी म्हटलं, "वाटेत आहे." तेही अर्धं खरं.

पावणेसातला त्यांनी ओळ दिली. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा. मी आधी ओळखलं नाही, मला वाटलं पाणी मागताहेत. फार बारीक आवाज, पण वळणं सगळी जागेवर होती. ओळ देऊन ते थांबले, दाराकडे बघत. मी उत्तर दिलं. त्यांनी चादरीवर बोटं जराशी उचलली, लहानपणी आपण मधेच बोलायला लागलो की उचलायचे तशी. मी गप्प झाले. त्यांनी दुसरी ओळ दिली आणि ती जागा मोकळी ठेवली, पुरती, उत्तराला लागते तेवढी. नंतर त्याहून जास्त. तिसरी ओळ आली नाही.

मी त्यांना सांगितलं नाही. तू गाडीत का बसून राहिलास ते. त्यांनी काय म्हणून तुझी वाट पाहिली आणि काय समजून गेले, हे आता बदलता येत नाही. तुला मात्र सांगता येतं, आणि त्याने तुझं काही बरं होणार नाही हेही मला दिसतं. तू दहा वर्षं त्यांच्यावर रागावलास. आता तो राग ठेवायला जागा उरणार नाही, आणि त्या जागी जे येईल ते रागापेक्षा जड असेल. मी क्षमा मागत नाही. मागितली तर द्यायची की नाही हे पुन्हा तुलाच ठरवावं लागेल, आणि तुझ्या डोक्यावर मी आणखी काही ठेवू इच्छित नाही.

मूळ ध्वनिमुद्रण, मधल्या सगळ्या जागांसकट, माझ्या फोनमध्ये आहे. ठेवायचं की पुसायचं ते तू सांग. विचारल्याशिवाय आता मी काही करणार नाही.

या वेळी डोक्याकडची, मानाची दोरी तुझी आहे. ती तरी परत देऊ नकोस.

डोलीनाकाकूंनी चहा आणून ठेवला. टेबलावर पेन बघितलं. "रविवारी?" म्हणाल्या. मी म्हटलं, गरजेचं काम आहे. त्यांनी मान हलवली आणि दिवा माझ्या बाजूला सरकवला.

मर्डीना

उद्या: टॉर्किल बोटीतून उतरला की, गाडी सुरू करण्याआधी, हे पत्र त्याच्या हातात देणे.